गृहपाठाला श्रोता हवा

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या व्यासपीठावरून संतसाहित्य, नाटक, कादंबरी अथवा श्रीमंत सयाजीरावांचे विद्याप्रेम या विषयांवर व्याख्यान व्हावे, हे रीतीला धरूनच आहे. त्या मानाने प्राथमिक शाळेतील मुलांचा गृहपाठ हा विषय लहान, किंबहुना स्वयंपाकघरातला वाटण्याचा संभव आहे. परंतु ग्रंथालयाची पायरी चढणारा प्रत्येक वाचक कधीकाळी कोणाच्या तरी शेजारी बसून, अक्षराला अक्षर जुळवीत वाचावयास शिकलेला असतो. हे शेजारी बसणे जेथे घडते, किंवा घडावयाचे राहून जाते, ती जागा म्हणजे घर; आणि शाळा त्या घरावर जो हक्क सांगते त्याचे नाव गृहपाठ. या कपाटांतील मराठी पुस्तकांना पुढे वाचक मिळणार की नाही, याचा निवाडा रोज संध्याकाळी सात ते आठच्या सुमारास बडोद्यातील मराठी घरांत होत असतो. म्हणून हा विषय ग्रंथालयाच्या कक्षेत येतो.

मराठी घराला गृहपाठ नवा नाही. वहीतला गृहपाठ मात्र त्या मानाने अलीकडचा. दिवेलागणीला देवापुढे दिवा लागला की मुलांनी परवचा म्हणावयाचा, ही चाल अनेक घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत चालू होती. स्तोत्रे झाली की पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. त्यानंतर वार, तिथी, महिने आणि नक्षत्रे. हा सारा अभ्यास तोंडी असे. ऐकणारी आजी पुष्कळदा निरक्षर असे. तरी सतराच्या पाढ्यात मूल कोठे अडखळले हे तिच्या कानाला बरोबर कळे. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पंतोजींच्या शाळेत छडी होती, अर्थावाचून पाठांतर होते, आणि मुलींना व समाजाच्या फार मोठ्या भागाला त्या शाळेचे दार बंद होते. परंतु परवच्याचा एक गुण मान्य करावा लागेल. त्याला वही लागत नसे, पण ऐकणारे माणूस लागे. ऐकणारे कोणी नसेल तर परवचा होतच नसे.

पुढे छापील क्रमिक पुस्तके आली, एकेका वर्गात चाळीस-पन्नास मुले बसू लागली, आणि शिक्षकाला प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेणे अशक्य झाले. मग वही आली. वहीची सोय अशी की लिहिणारा आणि तपासणारा एकमेकांसमोर असावे लागत नाहीत. मुलाने रात्री लिहावे, गुरुजींनी दुसऱ्या दिवशी लाल शाईने खूण करावी. मोठ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही सोय उपयुक्तच ठरली. ज्याला वाचता येते, ज्याला आपली चूक आपण शोधता येते, त्याला एकट्याने सराव करण्याने लाभ होतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचे तसे नसते. ते चुकीचे अक्षर दहा वेळा लिहून ती चूक पक्की करते, किंवा पलीकडे बसलेल्या ताईची वही उतरवून काढते. अमेरिकेतील संशोधक हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरील अनेक अभ्यास एकत्र करून १९८९ साली आणि पुन्हा २००६ साली जो आढावा घेतला, त्यात हेच दिसले. गृहपाठ आणि शैक्षणिक प्रगती यांचा संबंध माध्यमिक वर्गांत स्पष्ट आहे. प्राथमिक वर्गांत तो अगदी क्षीण आहे.

आपल्या देशात हा विचार कोणी केलाच नाही, असे मात्र नाही. इंग्रजीतील ज्येष्ठ कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपले पहिले भाषण लहान मुलांच्या पाठीवरील दप्तरावर केले. त्यानंतर केंद्र सरकारने प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. दप्तराच्या वजनापेक्षाही न समजलेल्या मजकुराचे ओझे अधिक घातक आहे, हा त्या अहवालाचा गाभा. प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये. द्यावयाचाच असेल तर घराच्या परिसरात काही पाहावे, शोधावे, एवढाच असावा, असेही समितीने सुचविले. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली व दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा आदेश दिला. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने तेच सूत्र पुढे नेले. दुसरीपर्यंत गृहपाठ मुळीच नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास. त्या धोरणातील एक सूचना मोठी मार्मिक आहे. लहान मुलांनी काल संध्याकाळी घरी काय केले, कोणते खेळ खेळले, काय खाल्ले, हे त्यांना वर्गात सांगू द्यावे, असे तीत म्हटले आहे. याचा अर्थ असा की सांगणे आणि ऐकणे हाच लहान वयाचा खरा गृहपाठ आहे, हे शासनाच्या कागदावरही मान्य झालेले आहे. कागदावरून ते घरात उतरावयाचे आहे, इतकेच.

ते उतरण्यापूर्वीच सगळी घडी विस्कटली. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशातील शाळा बंद झाल्या. गुजरातेत पहिली ते पाचवीचे वर्ग २२ नोव्हेंबर २०२१ रोजी पुन्हा उघडले. म्हणजे वीस महिने. ज्या मुलाने जून २०२० मध्ये पहिलीत जावयाचे, ते आपल्या वर्गात पहिल्यांदा पाऊल ठेवते झाले तेव्हा दुसरीचे निम्मे वर्ष सरले होते. या काळात शाळेचा सबंध अभ्यासक्रमच गृहपाठ होऊन बसला. आजवर शाळा घराकडून दिवसाचा अर्धा-एक तास मागत असे. आता तिने घराकडे संपूर्ण शाळा सोपविली, आणि ती पोहोचविण्यासाठी एक हातभर लांबीचाही नसलेला पडदा दिला.

या काळात कोणी हातावर हात ठेवून बसले होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षकांनी आणि संस्थांनी जी धडपड केली, तिची नोंद झाली पाहिजे. गुजरातेत दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरून इयत्तावार पाठ होत असत. महाराष्ट्रात जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. घरातील वस्तू घेऊन, घरच्या माणसांबरोबर करावयाच्या कृतींवर ती आधारलेली होती, हे तिचे वैशिष्ट्य. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरत असे. सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकातील धडे रंगविले. येता-जाता मुले उभी राहून ते वाचीत. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविण्यात आले. कर्नाटकाने ऑगस्ट २०२० मध्ये ‘विद्यागम’ हा उपक्रम काढला. त्यात शिक्षक वस्तीवस्तीत जाऊन, देवळाच्या ओट्यावर किंवा झाडाखाली मुलांचे लहान गट घेऊन बसत. साथ वाढली, मुले आणि शिक्षक आजारी पडू लागले, आणि ऑक्टोबरमध्ये तो थांबवावा लागला.

यांतील कोणते उपाय लहान मुलांच्या उपयोगी पडले, हे पाहू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. ज्या उपायाने मुलाच्या शेजारी एक माणूस आणून बसविले, तो उपयोगी पडला. ज्याने केवळ मजकूर पोहोचविला, तो मोठ्यांच्या कामी आला, धाकट्यांच्या नाही. पाच ते आठ वर्षांचे मूल शिक्षिकेच्या ओठांकडे पाहून उच्चार शिकते. त्याने पेन्सिल कशी धरली आहे, अक्षर वरून खाली काढले की खालून वर, हे शेजारच्या डोळ्यांना दिसते. पडद्यापलीकडच्या डोळ्यांना दिसत नाही. शिवाय त्या वयाचे लक्ष एका जागी फार वेळ ठरत नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने म्हणूनच आठवीपर्यंतच्या मुलांसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिकांची मर्यादा घातली होती.

बरे, पडदा तरी सर्वांना लाभला का? ‘असर’ या वार्षिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा ३६.५ होते, २०२१ मध्ये ते शेकडा ६७.६ झाले. कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन फोन विकत घेतले. परंतु ज्या घरांत फोन आला, तेथीलही सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या हाती तो पडत नव्हता. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर जाणार. परत आला की दहावीच्या दादाचा हक्क पहिला. सर्वांत धाकट्याची पाळी येईपर्यंत त्याला झोप लागलेली. शाळा उघडल्यानंतर याचे फळ दिसले. तिसरीत असून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी ग्रामीण मुले २०१८ मध्ये शेकडा २७.३ होती; २०२२ मध्ये ती शेकडा २०.५ वर आली. शाळा नियमित भरू लागल्यावर २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा शेकडा २७.१ झाले. घसरण भरून निघाली, ही समाधानाची बाब होय. तथापि साथीपूर्वीही चारांतील तीन मुलांना वाचता येत नव्हते, हे त्या समाधानात विसरता कामा नये. कोविडने नवा रोग आणला नाही; जुना होता तो उघडा पाडला.

साथ ओसरली, पण फोन घरातून गेला नाही. आता पुष्कळ शाळांचा गृहपाठ पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येतो. मूल शाळेतून येते आणि आई विचारते, “आज काय दिलंय?” मूल म्हणते, “तुझ्या फोनवर आलं असेल.” वाक्य साधे आहे, पण त्यात मोठा बदल झालेला आहे. शाळेत काय झाले हे सांगण्याची मुलाला आता गरजच उरली नाही. पूर्वी मुलाच्या तोंडून घरात जे येत असे ते आता त्याच्या डोक्यावरून येते. आई सूचना वाचते, वहीचे पान भरून घेते, त्याचे छायाचित्र काढून पाठविते. शिक्षिका अंगठ्याची खूण करते आणि गृहपाठ पुरा होतो. या सबंध व्यवहारात मुलाने मोठ्याने एकही वाक्य वाचलेले नसते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. बडोद्यातील मराठी मूल आज बहुधा इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकते. गृहपाठ त्या भाषेत येतो. त्यामुळे घरात ज्यांच्याजवळ वेळ आहे, ते आजी-आजोबा त्या व्यवहारातून आपोआप बाहेर पडतात. ज्या आजीने आयुष्यभर या ग्रंथालयातून पुस्तके नेली, तिला नातवाच्या वहीजवळ बसून करण्यासारखे काही नाही, अशी समजूत घरात रूढ होते. आणि मराठी वाचणे हा कोणाचाच गृहपाठ नसल्यामुळे तो कोणीच करीत नाही. मूल मराठी बोलते, परंतु मराठीत निरक्षर राहते. अशी एक संपूर्ण पिढी येथे वाढते आहे, आणि ती सुशिक्षित घरांत वाढते आहे.

हे सारे फार अवघड आहे असेही नाही. ज्याला गुजराती लिपी येते त्याला देवनागरी निम्मी आलेलीच असते. पुष्कळ अक्षरांवर शिरोरेघ दिली की ओळख पटते. अ, इ, ख, च, ज, झ, फ, ब अशी थोडी अक्षरे वेगळी बसवावी लागतात. खरी अडचण पुस्तकात न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च कागदावर एकच आहेत. मराठी तोंडात ते दोन आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, हे दोन शब्द लिहावयाचे एकसारखे, म्हणावयाचे निराळे. गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातल्या मुलाला हा भेद कोणतेही पुस्तक दाखवून देऊ शकत नाही. तो कानानेच शिकावा लागतो, आणि त्यासाठी त्याचे वाचन ऐकून “असं नाही रे बाळा, असं” म्हणणारे कोणीतरी लागते. जी आजी गृहपाठाला निरुपयोगी ठरली, ती या कामाला सर्वांत लायक आहे.

श्रोतेहो, हा प्रश्न ज्या नगरीत उपस्थित होत आहे, तिच्या इतिहासातच त्याच्या उत्तराची दिशा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्याला लागू केले. परंतु शाळेत शिकलेले अक्षर घरी पुस्तक नसेल तर विसरले जाते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास पाचारण करून त्यांनी ग्रंथालयांची स्वतंत्र व्यवस्था उभारली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग झाला. जेथे ग्रंथालय नव्हते अशा गावांना पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. वाहतुकीचा खर्च राज्य सोशी. दूरस्थ शिक्षण हा शब्द त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हता. पण पेटीबरोबर गावातील एक जबाबदार माणूस निश्चित केलेला असे, ही त्या योजनेतील मर्माची गोष्ट. केवळ पेटी पाठवून ज्ञान पोहोचत नाही, ती उघडणारे माणूस लागते, हे बडोद्याला शंभर वर्षांपूर्वी समजले होते.

दुसरे उदाहरण ताराबाई मोडक यांचे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून त्या महाराष्ट्रात गेल्या. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी काम उभारले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्या अंगणात गेल्या आणि अंगणवाडी जन्मली. मुले गुरांमागे रानात जातात म्हणून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा भरली. घरी करण्याचे काम मुलाकडे पाठवून देण्याऐवजी मूल असेल तेथे माणसाने जावे, हा त्यांचा मार्ग. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांच्या अंगणात तो घडला, हे येथे विशेष आठवावे.

या दोन्ही उदाहरणांवरून ग्रंथालयासमोर एक लहानसा प्रस्ताव ठेवावासा वाटतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी, सहा ते सात, वाचनालयाच्या दालनात ज्येष्ठ सभासदांनी केवळ ऐकण्यासाठी बसावे. मुलाने यावे, आपल्या आवडीचे पुस्तक घ्यावे आणि दहा मिनिटे मोठ्याने वाचावे. पुस्तक मराठी असावे. मात्र सुरुवातीला मुलाने शाळेचा गुजराती धडा आणला तरी त्याला परत पाठवू नये. वाक्य मध्येच तोडून चूक दाखवू नये. वाक्य संपले की ते आपण एकदा नीट वाचून दाखवावे. गुण नाहीत, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. एका पातळ वहीत तारीख आणि पुस्तकाचे नाव, एवढीच नोंद. पालकांची संमती घ्यावी, दालन उघडे असावे आणि एका वेळी किमान दोन ज्येष्ठ हजर असावेत, हे नियम पहिल्या दिवसापासून पाळावेत. जी मुले मांजलपूर किंवा गोत्रीसारख्या दूरच्या भागांत राहतात, त्यांच्या वसाहतींत महिन्याला एक पुस्तकांची पेटी जावी आणि ती उघडणारे एक घर नेमावे.

आणि फोन? त्याचाही उपयोग आहे, फक्त त्याची दिशा उलटी करावी लागेल. मुलाला ऐकविण्यासाठी फोन न वापरता मुलाचे ऐकण्यासाठी वापरावा. पुण्याला किंवा इंदूरला असलेल्या आजोबांना नातवाने रोज संध्याकाळी फोनवर एक पान वाचून दाखविले, तर त्याहून चांगले दूरस्थ शिक्षण दुसरे नाही. त्यासाठी महागडा फोन लागत नाही. साध्या फोनवरही आवाज जातो.

यावर दोन आक्षेप संभवतात. शिक्षक म्हणतील, वर्गात चाळीस मुले आहेत, प्रत्येकाचे वाचन कोठे ऐकणार? म्हणूनच हे काम घर आणि ग्रंथालय यांनी वाटून घ्यावयाचे आहे. पालक म्हणतील, वही कोरी राहिली तर मूल मागे पडेल. पालकांची ही धास्ती खोटी नाही. वही दाखविता येते, वाचलेले पान दाखविता येत नाही. परंतु तिसरीत गेलेले मूल अडखळत वाचते की सरळ वाचते, हे चौथीत प्रत्येक विषयाच्या वहीत दिसते. रोजची दहा मिनिटे तेथे वसूल होतात.

शंभर वर्षे या संस्थेने मराठी माणसाला पुस्तक दिले. पुस्तक देण्याचे काम पुढेही चालेलच. त्याच्या जोडीला मुलाचे वाचन ऐकून घेण्याचे काम या शताब्दी वर्षात हाती घेतले, तर त्याला इमारत लागणार नाही, निधी फारसा लागणार नाही. ज्येष्ठ सभासदांची आठवड्यातली एक संध्याकाळ लागेल. ज्यांना ती देणे शक्य असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी ग्रंथपालांकडे नाव नोंदवावे, अशी विनंती आहे.